शिफारशीविना पडून राहिलेले ग्रंथ

‘काहीतरी चांगले वाचायला द्या’ ही सार्वजनिक वाचनालयाच्या खिडकीशी सर्वांत अधिक वेळा केली जाणारी विनंती असावी, आणि ‘कपाटात पाहून घ्या’ हे तिला सर्वांत अधिक वेळा मिळणारे उत्तर असावे. कपाटात पाहून घेणे ही गोष्ट वाटते तितकी सोपी नव्हे. पुठ्ठ्याच्या बांधणीत सारखीच दिसणारी, पाठीवर शाईने क्रमांक घातलेली काही हजार पुस्तके समोर आली म्हणजे नवख्या वाचकाचा हात आधी ऐकलेल्या नावाकडेच वळतो. म्हणून ‘मृत्युंजय’, ‘श्रीमान योगी’, ‘छावा’, ‘ययाति’ यांच्या प्रती पुनःपुन्हा बांधून घ्याव्या लागतात आणि त्यांच्या शेजारचा तितकाच मोलाचा ग्रंथ दहा-दहा वर्षे जागचा हालत नाही. लोकप्रिय ग्रंथांविषयी येथे तक्रार नाही. ज्याने पहिली कादंबरी म्हणून ‘श्रीमान योगी’ वाचली त्याची सुरुवात चांगलीच झाली म्हणायची. प्रश्न आहे तो दुसऱ्या कादंबरीचा. ती कोणी सुचवावयाची? वाचनालये पुस्तके देतात, परंतु सुचवीत नाहीत. बुलढाणा जिल्ह्यासारख्या भागात या न सुचविण्याचा तोटा फार मोठा आहे.

या मौनाला व्यवस्थेचेही एक कारण आहे. महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालये अधिनियम 1967 साली झाला आणि त्याने गावोगावच्या वाचनालयांना मान्यता, वर्ग आणि अनुदान यांची एक चौकट दिली. चौकट उपकारक ठरली यात शंका नाही. तिच्यामुळेच आज राज्यात अकरा-बारा हजार शासनमान्य ग्रंथालये उभी आहेत. परंतु ‘अ’, ‘ब’, ‘क’, ‘ड’ हे वर्ग ठरतात ते ग्रंथसंख्या, नियतकालिके, सभासद आणि कामाचे तास अशा मोजता येणाऱ्या गोष्टींवरून. जे मोजले जाते ते वाढते, हा अर्थव्यवहारातील अनुभव वाचनालयांनाही लागू पडतो. दाखलनोंदवहीत क्रमांक वाढत जातात. शासनमान्य ग्रंथांची यादी येते, कोलकात्याच्या राजा राममोहन राय ग्रंथालय प्रतिष्ठानाकडून ग्रंथ येतात, शिक्के बसतात आणि कपाटे भरतात. त्यातले किती ग्रंथ कोणाच्या हाती गेले, हा प्रश्न तपासणीच्या दिवशी सहसा कोणी विचारीत नाही. व्यापाऱ्याच्या भाषेत बोलायचे तर हे गोदामात अडकून पडलेले भांडवल आहे. खामगावच्या बाजारपेठेत एखाद्या अडत्याने अशा रीतीने माल दहा वर्षे ठेवला असता तर त्याची पेढी केव्हाच बुडाली असती. वाचनालय बुडत नाही, कारण त्याचा तोटा ताळेबंदात उतरत नाही.

तो उतरतो अन्यत्र. जिल्ह्याच्या कोणत्याही तालुक्याच्या गावी, चिखली असो, मेहकर असो की मलकापूर, वाचनालयाला जोडलेल्या अभ्यासिकेत सकाळी डोकावून पाहावे. तलाठी भरती, पोलीस भरती, लोकसेवा आयोगाच्या परीक्षा यांची तयारी करणारी तरुण मुले-मुली तेथे दाटीने बसलेली असतात. घरून आणलेला डबा, पाण्याची बाटली, चालू घडामोडींची मासिके आणि प्रश्नसंचांचे गठ्ठे. पलीकडच्याच खोलीत ललित वाङ्मयाची कपाटे बंद असतात. दोन खोल्यांच्या मधली ती भिंत फार तर नऊ इंचांची असेल. पण वर्षानुवर्षे ती ओलांडली जात नाही. यातली बहुसंख्य मुले शेतकऱ्यांची आहेत. पाच-सहा वर्षे परीक्षा देऊन वयोमर्यादेच्या काठावर आलेली आहेत. घरी चार-पाच एकर कोरडवाहू जमीन, कापूस आणि सोयाबीन, लग्नाचे थांबलेले बोलणे, आणि ‘यंदा तरी होईल ना’ हा बापाच्या डोळ्यांतला प्रश्न. गंमत अशी, किंवा दैवदुर्विलास असा, की नेमक्या याच तरुणाची कादंबरी याच जिल्ह्यात लिहिली गेली आहे आणि बहुधा ती त्या बंद कपाटात आहे.

ती कादंबरी म्हणजे चिखली तालुक्यातील अमडापूरच्या सदानंद देशमुख यांची ‘बारोमास’. 2002 साली ती प्रसिद्ध झाली आणि 2004 चा साहित्य अकादमी पुरस्कार तिला मिळाला. एकनाथ हा तिचा नायक उच्च शिक्षण घेऊन शेतीत परतलेला, म्हणजे खरे तर परतावे लागलेला. नोकरीसाठी संस्थेला द्यायला पैसा नाही. शेतात राबावे तर शिक्षण आड येते आणि शिक्षणाचा अभिमान धरावा तर शेत डोळ्यांसमोर वाळत जाते. बाप, आई, भाऊ, माहेरच्या ओढीने मन न रमणारी बायको, यांतले कोणीही दुष्ट नाही, तरीही घर दुभंगते. ही कादंबरी दुःखाचे प्रदर्शन मांडीत नाही. ती हिशोब मांडते: बियाण्याचा, पावसाचा, भावाचा, आणि त्या हिशोबाखाली माणसे एकमेकांशी कशी कडू होत जातात याचा.

कृषिमूल्यांचे तक्ते आणि अहवाल यांची या जिल्ह्याला वाण नाही. 1 जुलै 2006 रोजी तत्कालीन पंतप्रधान मनमोहन सिंग यांनी विदर्भातील सहा आत्महत्याग्रस्त जिल्ह्यांसाठी 3,750 कोटी रुपयांचे साहाय्य जाहीर केले. त्या सहांत बुलढाणा होता. त्या निमित्ताने समित्या आल्या, पाहण्या झाल्या, आकडे गोळा झाले. परंतु कापूस विकून बाप रिकाम्या बैलगाडीतून घरी येतो त्या संध्याकाळी त्या घरात कोण काय बोलते आणि कोण काय बोलत नाही, हे कोणत्याही तक्त्याच्या रकान्यात बसत नाही. ते कादंबरीतच बसते. अर्थशास्त्राच्या वर्गात ग्रामीण कर्जबाजारीपणावरील प्रकरण शिकवून झाल्यावर विद्यार्थ्यांना जे कळते, त्याहून अधिक ‘बारोमास’च्या काही प्रकरणांतून कळते, असे म्हटल्यास त्यात अर्थशास्त्राचा अवमान नाही.

येथे एक आक्षेप घेतला जातो आणि तो हसण्यावारी नेण्याजोगा नाही. आधीच निराश झालेल्या तरुणाच्या हाती निराशेचेच पुस्तक का द्यावे? त्याला चार घटका विसावा देणारे, उमेद वाढविणारे काही द्यावे, असे अनेक जाणते ग्रंथपाल मनापासून मानतात. त्यांच्या हेतूबद्दल आदर बाळगूनही असे म्हणावे लागते की, उमेदीच्या पुस्तकांनीही कधी कधी घाव बसतो. ‘जिद्द असेल तर यश मिळतेच’ असे सांगणारे पुस्तक सहाव्यांदा नापास झालेल्या मुलाला काय सांगते? तुझी जिद्दच उणी पडली, एवढेच. याउलट एकनाथ भेटला की आपल्या अपयशाला केवळ आपण कारण नाही, या अपयशामागे बाजार आहे, पाऊस आहे, पैसे घेऊन जागा भरणारी व्यवस्था आहे, हे त्याला उमगते. लाज कमी होते आणि तिची जागा विचार घेतो. अर्थात मुलगा खरोखरच खचलेला दिसत असेल, तर त्याच्याशी आधी बोलले पाहिजे, त्याच्या घरच्यांशी बोलले पाहिजे. पुस्तक हे औषधाच्या जागी द्यायचे नसते. पण प्रत्येक चिंताक्रांत तरुण रुग्ण असल्याप्रमाणे त्याच्यापासून खरे लेखन लपवून ठेवणे हेही बरोबर नाही.

शिवाय पुस्तक एकटे द्यावे असेही नाही. ‘बारोमास’ जेथे द्यावयाची तेथे तिच्याबरोबर आनंद यादवांची ‘झोंबी’ द्यावी. 1987 साली आलेल्या या आत्मचरित्रात कागलचा एक पोर शाळेसाठी बापाशी अक्षरशः झुंज घेतो. त्या काळी शिक्षण ही शेतीच्या दारिद्र्यातून बाहेर नेणारी वाट होती, आणि ती मिळावी म्हणून मार खाण्यात अर्थ होता. डॉ. नरेंद्र जाधव या अर्थशास्त्रज्ञाने 1993 साली लिहिलेले ‘आमचा बाप आन् आम्ही’ हेही त्याच वाटेचे पुस्तक. ‘बारोमास’मध्ये पोहोचेपर्यंत ती वाट बंद पडलेली दिसते, शाळा आहे, महाविद्यालय आहे, पदवी आहे, आणि पदवीच्या पलीकडे काही नाही. ही पुस्तके एकापाठोपाठ वाचणाऱ्या तरुणाला दोन पिढ्यांत पदवीचे मोल कसे घसरले ते आपोआप दिसते. कोणते पुस्तक खरे, असे तो विचारील. त्याने विचारावे. असा प्रश्न विचारण्याची सवय प्रश्नसंच सोडवून लागत नाही.

ज्याला ‘घाटाखाल’ म्हणतात त्या नांदुरा, मलकापूर, शेगाव, जळगाव जामोद, संग्रामपूर या पूर्णाकाठच्या तालुक्यांचे वाङ्मयीन भाग्यही थोडे नाही. गो. नी. दांडेकरांचे बालपण वऱ्हाडात गेले आणि त्यांनी ‘पूर्णामायची लेकरं’ ही कादंबरी इथल्याच नदीवर आणि इथल्याच बोलीत रंगविली. आज ती मागून नेणारे वाचक थोडे असतील. पण एखाद्या आजोबांच्या हाती ती दिली तर ‘हे तं आमच्याच घरचं लिवलं हाय’ असा उद्गार आल्यावाचून राहणार नाही. बोली पुस्तकात पाहून काहींना संकोच वाटतो. छापील मराठी म्हणजे पुण्याकडची, अशी समजूत शाळेने करून दिलेली असते. उद्धव शेळके यांची ‘धग’ 1960 साली आली; वऱ्हाडी बोलीतले संवाद केवळ विनोदासाठी नसतात, त्यांत एखाद्या बाईचे अवघे आयुष्य तोलून धरण्याचे बळ असते, हे तिने मराठी वाचकाला एकदाचे पटवून दिले. तिला साठ वर्षे उलटून गेली तरी तो संकोच पुरता गेलेला नाही, हे मात्र खरे.

याच पूर्णेवर नांदुरा तालुक्यात जिगाव प्रकल्पाचे काम वर्षानुवर्षे रेंगाळले आहे. पाणी मिळणाऱ्यांच्या आशा एकीकडे आणि बुडितातल्या गावांचे पुनर्वसन दुसरीकडे, हा ताण त्या भागाला नवा नाही. धरणग्रस्तांची होरपळ मांडणारी विश्वास पाटील यांची ‘झाडाझडती’ ही कादंबरी 1991 साली आली आणि तिला 1992 चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. पाटील यांची ‘पानिपत’ प्रत्येक वाचनालयात झिजलेली असते. ‘पानिपत’ परत करायला आलेल्या वाचकाला ‘याच लेखकाची ही घ्या’ एवढे चार शब्द सांगितले तर ‘झाडाझडती’ कपाटातून बाहेर पडेल. शिफारस म्हणजे याहून फार काही नसते. वाचकाच्या हाती आत्ता काय आहे ते पाहायचे आणि तेथून एक पायरी पुढची दाखवायची. ऐतिहासिक कादंबरीच्या वाचकाला एकदम प्रयोगशील लेखनाकडे ढकलले तर तो पुन्हा वाचनालयाची पायरी चढणार नाही.

शिक्षकांची गोष्ट निराळी. त्यांना ‘पुढील पायरी’ दाखविण्यास ग्रंथपाल बिचकतो, कारण गुरुजींना कोण सांगणार! त्यांच्यासाठी बुलढाण्याच्याच रमेश इंगळे उत्रादकर यांची ‘निशाणी डावा अंगठा’ ही 2005 सालची कादंबरी आहे. साक्षरता अभियानाचे कागदी घोडे नाचविताना शिक्षकांची काय त्रेधा होते, हे तीत अशा हसऱ्या तिरकसपणाने आले आहे की, ती वाचून रागावणारा शिक्षक विरळाच. तिच्या जोडीला गो. ना. मुनघाटे यांची ‘माझी काटेमुंढरीची शाळा’ ठेवावी. एकात यंत्रणेपुढे हतबल झालेला गुरुजी, दुसऱ्यात आडवळणाच्या गावी शाळा उभी करणारा.

आठवणींच्या पुस्तकांकडे वळले की आणखी एक अवघड गोष्ट समोर येते. पुष्कळ वाचनालयांत ‘दलित साहित्य’ असे लेबल लावलेले एक वेगळे कपाट असते. वर्गीकरणाच्या सोयीसाठी असेल. परंतु परिणाम असा होतो की, दया पवारांचे ‘बलुतं’, लक्ष्मण मान्यांचे ‘उपरा’, लक्ष्मण गायकवाडांचे ‘उचल्या’, बेबी कांबळे यांचे ‘जिणं आमुचं’ ही पुस्तके त्या कपाटाकडे आपण होऊन जाणारेच नेतात. इतर वाचक त्या बाजूला फिरकतच नाहीत. देवघेवीची नोंदवही नुसती चाळली तरी कोणत्या आळीतला वाचक कोणाचे आत्मचरित्र वाचतो आणि कोणाचे वाचत नाही, हे दिसून येईल. ते पाहणे सुखावह असेलच असे नाही. आत्मचरित्र हे ज्याने ते जीवन जगले नाही त्याने वाचावे यातच त्याचे प्रयोजन अधिक. फलटणच्या बेबी कांबळे छोटे किराणा दुकान सांभाळता सांभाळता, घरच्यांपासून वह्या लपवून लिहीत राहिल्या. ते लेखन 1986 साली पुस्तकरूपाने आले. हे पुस्तक महिला मंडळाच्या हळदीकुंकवात, भजनी मंडळाच्या बायकांत, वाड्यावरच्या आजीबाईंच्या हाती गेले पाहिजे. त्याला वेगळे कपाट नको. ते आत्मचरित्रांच्या ओळीत, लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रां’च्या शेजारी उभे राहावे.

‘स्मृतिचित्रे’ 1934 पासून भागाभागाने प्रसिद्ध झाली. शाळेचे तोंड न पाहिलेल्या बाईने बोलल्यासारखे लिहिलेले हे पुस्तक आहे. नवरा 1895 साली धर्मांतर करतो, घर मोडते, पुन्हा जुळते. आणि हे सारे सांगताना लक्ष्मीबाई स्वतःवर हसत राहतात. ज्या स्त्रिया ‘आम्हाला जड पुस्तके नकोत’ म्हणून वाचनालयाचे सभासदत्व सोडतात, त्यांना हे पुस्तक कोणी दिलेच नसावे असे वाटते. नंतर ‘धग’मधली कौतिक त्यांच्या भेटीला न्यावी. संसार तोलून धरताना झिजून गेलेली ही बाई वऱ्हाडातल्या कोणत्याही घरी ओळखीची निघेल.

आणि याच संदर्भात बुलढाण्याने आपली एक चूक आठवायला हवी. ताराबाई शिंदे या बुलढाण्याच्या. सुरतेच्या एका विधवेच्या खटल्यावरून उसळलेल्या चर्चेने संतप्त होऊन त्यांनी ‘स्त्री-पुरुष तुलना’ लिहिली. ती 1882 साली पुण्यात छापली गेली. कादंबरी नव्हे, आठवणी नव्हेत. पण एका बाईच्या रागाचा इतका जिवंत दस्तऐवज त्या काळच्या मराठीत दुसरा नाही. महात्मा फुल्यांनी ‘सत्सार’मध्ये तिची बाजू घेतली. त्यानंतर मात्र ती जणू पृथ्वीच्या पोटात गेली. 1975 साली स. गं. मालशे यांनी ती पुन्हा प्रकाशात आणीपर्यंत 93 वर्षे गेली. या 93 वर्षांत या जिल्ह्यात वाचनालये निघाली, त्यांचे वर्धापनदिन साजरे झाले. पण आपल्याच गावच्या बाईचे हे पुस्तक वाचा, असे सांगणारे कोणी नव्हते. छापले गेलेले पुस्तक जिवंत राहतेच असे नाही. कोणीतरी ते दुसऱ्याच्या हाती द्यावे लागते. आज ते उपलब्ध आहे, लहान आहे, स्वस्त आहे. जिल्ह्यातील प्रत्येक वाचनालयात त्याच्या चार प्रती असाव्यात, असे म्हणणे अतिशयोक्तीचे ठरू नये.

मग हे सुचविण्याचे काम करायचे कोणी? ग्रंथपालाने, हे उत्तर बरोबर असले तरी अर्धे आहे. खेड्यातल्या ‘ड’ वर्गाच्या वाचनालयाचा सेवक जे मानधन घेतो त्यात त्याचे घर चालत नाही. वेतनश्रेणीची त्यांची मागणी कित्येक वर्षांची आहे. अशा माणसाने ‘धग’ही वाचावी, ‘झाडाझडती’ही वाचावी आणि प्रत्येक वाचकाची नाडी ओळखून शिफारस करावी, ही अपेक्षा बाळगताना थोडी शरम वाटायला हवी. त्याचे ओझे वाचकांनीच वाटून घेणे शक्य आहे. दाराशी एक फळा असावा. पुस्तक परत करणाऱ्याने वाटल्यास त्यावर दोन ओळी खडूने लिहाव्यात: पुस्तकाचे नाव, आणि ते कोणाला आवडेल. ‘उत्तम’, ‘वाचनीय’ असे शेरे नकोत. ‘ज्यांची शेती विकायचे बोलणे चालले आहे त्यांनी वाचावे’ असे लिहिलेले असेल तर ते पुस्तक संध्याकाळपर्यंत कपाटात राहणार नाही. जिल्हा ग्रंथोत्सवातील भाषणांना जो खर्च येतो त्याच्या मानाने एका फळ्याची किंमत नगण्य आहे. अभ्यासिकेतील मुलांनाही शिक्षेसारखे नव्हे तर विरंगुळा म्हणून, शनिवारी अर्धा तास ती नऊ इंचांची भिंत ओलांडायला सांगता येईल. त्यांच्यातल्याच एखाद्याने ‘बारोमास’ वाचून पूर्ण केली, की पुढची शिफारस त्यानेच करावी.

राहता राहिली वेळेची बाब. खेड्यातला वाचक तालुक्याला येतो तो आठवडी बाजाराच्या दिवशी. भाजीची पिशवी, खताची चौकशी आणि परतीच्या एसटीची घाई यांमधूनच त्याला वाचनालय गाठायचे असते. त्या दिवशी दुपारी एक ते चार वाचनालय बंद असेल तर वरची सगळी शिफारस व्यर्थ. बाजाराच्या दिवशी खिडकी शेवटच्या एसटीपर्यंत उघडी ठेवावी आणि पुस्तकाची मुदत आठ दिवसांऐवजी दोन बाजारांची धरावी. पेरणीच्या आणि कापूस वेचणीच्या दिवसांत तीन बाजारांचीही चालेल. ‘झाडाझडती’सारखे जाड पुस्तक निंदणी-खुरपणी सांभाळून एका आठवड्यात वाचून होत नाही, आणि उशीर झाला म्हणून दंड भरावा लागलेला शेतकरी पुढच्या बाजाराला वाचनालयासमोरून मान खाली घालून निघून जातो.